बाई थांबतात, म्हणून आपण बोलतो: दांडिया बाजारातला पाटी नसलेला इंग्रजीचा क्लास

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्यात व्हॉल्व्ह बनतात. पण तिथे व्हॉल्व्ह असं कुणी म्हणत नाही, सगळे 'वाल' म्हणतात. "ताई, चार इंची बारा वाल टेस्टला लावलेत, येता का?" मी 2006 पासून तिथे क्वालिटीला आहे. फाउंड्रीतून बॉडी आली की तिच्या भिंतीची जाडी मोजायची, मशिनिंग झालं की गेज लावायचे, जोडणी झाली की टेस्ट बेंचवर पाणी भरून दाब द्यायचा आणि कुठे थेंब दिसतो का ते बघत उभं राहायचं. जाडीला कागदावर 'वॉल थिकनेस' लिहितात. म्हणजे आमच्या बोलण्यात वालची वॉल.

मागच्या वर्षी परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस ऑडिटला आला होता. जाडी कशी तपासता, असं त्यानं विचारलं असावं. मी म्हटलं, "वॉल वॉल थिकनेस, ऑल पीस." तो शेडच्या भिंतीकडे बघायला लागला. मी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं. मग सहा महिन्यांपूर्वी लागलेला आमचा एक मुलगा पुढे झाला आणि फाडफाड बोलायला लागला. मुलगा चांगला आहे, इंग्रजी शाळेत शिकलेला आहे, पण टेस्ट बेंचवर फारसा उभा राहिलेला नाही. बॉडीची, म्हणजे बाहेरच्या कवचाची, शेल टेस्ट ठरलेल्या दाबाच्या दीडपट दाबाला होते आणि सीटची, म्हणजे वाल बंद केल्यावर आत पाणी अडवणाऱ्या जागेची, 1.1 पट दाबाला. त्यानं दोन्ही दीडपट सांगितल्या. चूक सांगतोय हे मला ऐकताना कळत होतं, पण तोंडातून शब्द निघाला नाही. ऑडिटरनं वहीत काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या मशीनकडे गेला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण मी कुठून बोलते आहे ते कळल्याशिवाय माझ्या मताला काही अर्थ नाही. मी गुजराती माध्यमात शिकले. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात गुजराती, कारखान्यात निम्मी हिंदी. इंग्रजी पाचवीत आलं ते असं: बाई धडा वाचायच्या, ओळीखाली गुजराती अर्थ लिहून द्यायच्या, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर यायची, आम्ही ती पाठ करायचो. मार्क मला चांगले असायचे. आजही ड्रॉइंगवरच्या टिपा, स्टँडर्डमधले तक्ते, मेल, सगळं वाचून समजतं. बोलायची वेळ आली की मात्र आधी वाक्य मराठीत जुळतं, मग त्याचं इंग्रजी करायला घेते, आणि ते होईपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो.

त्या ऑडिटनंतर मी पहिल्यांदा गेले ते एका मोठ्या क्लासला. नाव लिहीत नाही. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर विमानाचं चित्र, तीन महिन्यांचे 9,000 रुपये. एका बॅचमध्ये चाळीस जण. सर हुशार होते, बोलणं सुंदर होतं, नव्वद मिनिटं ते बोलायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. काळ बारा, त्यांची बारा सूत्रं, फळाभर. नियम असा की वर्गात गुजराती, हिंदी, मराठी बोललं की दहा रुपये दंड. मी दंड एकदाही भरला नाही, कारण मी काही बोललेच नाही. दुसऱ्या आठवड्यात मी वहीच्या मागे हिशेब केला: नव्वद मिनिटं आणि चाळीस माणसं. सरांनी तोंडातून एक शब्द काढला नाही तरी माझ्या वाट्याला सव्वादोन मिनिटं येतात. सर तर जवळपास सगळा वेळ बोलत होते. महिन्यानंतर मी जाणं सोडलं. त्या सरांबद्दल मला राग नाही, पण ज्याला पोहायला शिकायचंय त्याला काठावर बसवून पोहण्याचं व्याख्यान देत होते, एवढं नक्की.

आता बाईंकडे येते.

क्लास दांडिया बाजारात आहे, अरविंद निवासापासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर. पाटी नाही. मी पहिल्या दिवशी दोनदा दारावरून पुढे गेले. नंतर एकदा बाईंना विचारलं, पाटी का लावत नाही? म्हणाल्या, "पाटी लावली की चाळीस येतील. मला बारा हवेत." बारा म्हणजे बाराच. तेरावा आला तर त्याला पुढच्या बॅचपर्यंत थांबायला सांगतात, मग तो कुणाच्याही ओळखीचा असो. महिन्याला 1,500 रुपये, सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सव्वासात ते पावणेनऊ. बाई कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या आहेत, घरात मराठी, आणि गुजराती अशी बोलतात की आमच्या वर्गातल्या पटेलांना त्या मराठी आहेत हे महिनाभर कळलं नव्हतं.

आमच्या बॅचमध्ये मंगळ बाजारात साड्यांचं दुकान असलेले एक भाई होते, एका दवाखान्यातल्या दोन सिस्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, टॅक्सी चालवणारा एक तरुण, युनिव्हर्सिटीतल्या कॉमर्सच्या तीन मुली, सून अमेरिकेत वाढलेली म्हणून आलेल्या एक बेन. बाक नाहीत, भिंतीला लागून खुर्च्यांचा गोल. त्यामुळे मागची रांग नाही आणि लपायला जागा नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "व्हॉट डू यू डू ऑल डे?" आणि त्या थांबल्या. मी मनात जुळवाजुळव करत होते. एरवी अशा वेळी समोरचा माणूस एकतर प्रश्न पुन्हा विचारतो, नाहीतर स्वतःच उत्तर देतो, नाहीतर दुसऱ्याकडे वळतो. बाईंनी यातलं काही केलं नाही. माझ्याकडे बघत, हात मांडीवर ठेवून शांत बसल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मला दिसत होता. बारा सेकंद गेले. मग मी म्हटलं, "आय चेक." पुन्हा शांतता. "आय चेक द वाल." पुन्हा शांतता. "वॉटर... इफ वॉटर कम आउट, आय से नो." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "सो यू आर द पर्सन हू सेज नो. गुड." मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ते त्यांनी माझ्याच शब्दांतून काढलं होतं.

या थांबण्यामागे अभ्यास आहे, हे नंतर कळलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या आसपास शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलायला लागतात. बाई म्हणाल्या, "विज्ञानाच्या तासाला, स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्या मुलांना तीन सेकंद लागतात. तुम्ही परक्या भाषेत बोलताय. तुम्हाला बारा लागले तर काय बिघडलं?" मी शाळेत शिक्षक नाही, पण हे वाक्य घरी जाऊन मुलाला गणित शिकवताना वापरलं. मी थांबायला लागल्यापासून आमच्या घरातली रडारड निम्मी झाली.

दुसरी गोष्ट, मराठी-गुजरातीला इथे बंदी नाही. कामाची आहे तिथे बाई ती सरळ वापरतात. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे माझा 'वाल'.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांना खिशातला छोटा आरसा आणायला सांगितला होता. फळ्यावर त्यांनी देवनागरीत दोन शब्द लिहिले: व्हॅन आणि वॉच. म्हणाल्या, "मराठी माणसानं एकात 'व्ह' का लिहिला आणि दुसऱ्यात नुसता 'व' का लिहिला?" आम्ही मराठी मंडळी आयुष्यभर हे असंच लिहीत आलो, पण कुणी विचार केला नव्हता. इंग्रजीत तिथे दोन वेगळी अक्षरं आहेत, दोन वेगळे आवाज आहेत, आणि मराठी लिहिणाऱ्यांनी ते कानानं ओळखून लिहिण्यात वेगळे ठेवले. हात मात्र वेगळं लिहितो आणि तोंड एकच बोलतं. मग आरसे निघाले. व्हॅनच्या 'व्ह'ला वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे आणि आवाज सोडायचा, ओठाला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं पाहिजे. वॉचच्या 'व'ला दात दिसताच कामा नयेत, शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा आणि सोडायचा. साडीवाले भाई आरशात बघून व्हॅन, वॉच, व्हॅन, वॉच करत होते आणि एकदम म्हणाले, "अरे, आ तो जुदुं छे!" म्हणजे, हे तर वेगळं आहे!

मग बाईंनी माझ्याकडे बघून फळ्यावर लिहिलं: व्हॅल्व्ह. आणि खाली: वॉल. "व्हॉल्व्ह नाही. ॲ आहे, बॅटमधला. सुरुवातीला दात ओठावर, शेवटी पुन्हा दात ओठावर. आणि भिंतीला दात कुठेच नाहीत, वर चंद्र आणि काना आहे." ॲ आणि ऑ हे दोन स्वर मराठी लेखनात इंग्रजी शब्दांसाठीच आले, त्यांच्या डोक्यावर चंद्र काढून. म्हणजे हत्यार माझ्या हातात आधीपासून होतं. मी आरशात बघून म्हटलं: व्हॅल्व्ह वॉल. दात, दात, चंबू. घरी भांडी घासताना, स्कूटरवर हेल्मेटच्या आत, टेस्ट बेंचवर पाणी भरेपर्यंत, आठवडाभर तेच. बेनना हाच चंद्र 'हॉल'साठी उपयोगी पडला. त्या 'होल' म्हणायच्या आणि अमेरिकेतल्या नातवाला वाटायचं आजी भोकाबद्दल बोलते आहे.

त्याच धर्तीवर 'पासून'. मी सगळीकडे "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स नाइन्टीन इयर्स" म्हणत आले होते. बाईंनी चूक म्हणून खोडलं नाही. फळ्यावर मराठी वाक्यं लिहिली: '2006 पासून काम करते', 'एकोणीस वर्षांपासून काम करते'. मराठीत दोन्हीकडे पासून. इंग्रजी मात्र विचारते की तू खुंटी दाखवते आहेस की दोरीची लांबी सांगते आहेस? 2006 ही खुंटी, तिथे सिन्स. एकोणीस वर्षं ही लांबी, तिथे फॉर. आणि काम सुरू होऊन अजून चालूच आहे, म्हणून हॅव बीन. "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर नाइन्टीन इयर्स." मोठ्या क्लासमध्ये हा काळ मी सूत्रासकट उतरवून घेतला होता, पण तो माझ्या नोकरीबद्दल आहे हे मला तिथे समजलं नव्हतं.

एक छोटं आणखी सांगते, क्वालिटीवाल्यांना उपयोगी पडेल. 'रेकॉर्ड' आणि 'रिजेक्ट' हे आमचे रोजचे शब्द. वस्तू म्हणून बोलताना जोर पहिल्या तुकड्यावर, क्रिया म्हणून बोलताना दुसऱ्यावर. बाई डस्टरनं टेबलावर ठोका देऊन दाखवतात. आपल्या भाषांत असा जोर हलवून अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला तो आधी ऐकूच येत नाही. मला पंधरा दिवस लागले.

तासाचा मोठा भाग मात्र या असल्या समजावण्यात जात नाही. वीस मिनिटं फार तर. उरलेला वेळ काम. दोघं पाठीला पाठ लावून बसायचं. एकाच्या हातात मांडवी ते न्यायमंदिर ते सूरसागर असा हातानं काढलेला नकाशा, त्यात सहा दुकानं लिहिलेली. दुसऱ्याच्या हातात तोच नकाशा, दुसरी सहा दुकानं. एकमेकांचं बघायचं नाही, विचारून विचारून दोन्ही नकाशे पूर्ण करायचे. यात बोलल्याशिवाय गत्यंतरच नसतं, कारण मला हवी असलेली गोष्ट खरोखर समोरच्याकडे असते. मी टॅक्सीवाल्या भावाबरोबर होते. त्याला 'ऑपोझिट' येत नव्हतं, मला 'कॉर्नर' आठवत नव्हतं, पण दोघांनी मिळून बारा दुकानं लावली आणि वेळेच्या आधी लावली. पुढच्या तासाला रेल्वेचं वेळापत्रक: दुपारी तीनला सुट्टी होते, रात्री दादरला लग्नाला पोचायचंय, बरोबर म्हातारी आई आहे, कोणती गाडी घ्याल आणि का? इथे एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून वाद होतो, आणि वादात माणूस व्याकरणाची भीती विसरतो. बँकेतले काका, जे महिनाभर 'यस मॅडम, नो मॅडम'च्या पुढे गेले नव्हते, ते या वादात उभे राहून बोलले.

असं काम देऊन शिकवणं बाहेरून आयात केलेलं आहे असं मला वाटत होतं. बाईंनी सांगितलं की इंग्रजी कसं शिकवावं याचा अभ्यास करणाऱ्या एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास अशा दक्षिणेतल्या ठिकाणच्या साध्या शाळांत हेच करून बघितलं: व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवायचा आणि नकाशे, वेळापत्रकं, हिशेबाचे प्रश्न इंग्रजीत सोडवायला द्यायचे. जगभर तो प्रयोग बंगळूर प्रोजेक्ट म्हणून शिकवला जातो. प्रभूंच्या वर्गात जोड्या नव्हत्या, शिक्षक आधी सगळ्या वर्गाबरोबर एक उदाहरण सोडवायचे आणि मग प्रत्येकानं आपापलं. जोड्या बाईंनी घातल्या, कारण "तुम्ही शाळकरी मुलं नाही, तुम्हाला एकमेकांशी बोलायचंय." मला हे आवडलं की त्या पद्धत उचलतात पण आपल्या माणसांना बेतून घेतात.

चुका कधी सुधारतात? बोलताना अजिबात नाही. बाई कोपऱ्यात बसून एका कागदावर लिहीत असतात. शेवटची दहा मिनिटं राहिली की त्यातली सहा वाक्यं फळ्यावर येतात, नाव न लिहिता. आम्ही मिळून ती दुरुस्त करायची. आपलं वाक्य ओळखू येतंच, पण कान पकडला गेला असं वाटत नाही.

एका शुक्रवारी बाई सगळ्यांना घेऊन अरविंद निवासात, म्हणजे अरविंद घोष राहायचे त्या घरात, गेल्या. आम्ही बडोद्याची माणसं, दारावरून शेकडो वेळा गेलेली, आत मी लहानपणी एकदाच गेले होते. वीस मिनिटं गप्प बघायचं, बाहेर येऊन कट्ट्यावर प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं. अरविंद घोष सातव्या वर्षी इंग्लंडला गेले, 1893 मध्ये परत आले आणि इथल्या बडोदा कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवत होते. इंग्रजी त्यांना आपल्या श्वासासारखं, पण स्वतःची बंगाली नीट येत नव्हती. ती त्यांनी मोठेपणी इथे बसून शिकली आणि त्यासाठी दिनेंद्रकुमार रॉय बंगालमधून येऊन त्यांच्याजवळ राहिले. हे बाईंनी सांगितलं आणि माझी पाळी आली तेव्हा मी पहिल्यांदा न अडखळता बोलले. मी म्हटलं की हे सर इंग्रजी शिकवायचे आणि रात्री स्वतः विद्यार्थी व्हायचे, चुका करायचे. त्या सिस्टरपैकी एक म्हणाली, मग आपल्या गोपाळरावांचं काय! 1875 मध्ये कवळाण्याहून दत्तक आणलेला बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, अक्षरओळख नाही, आणि राजवाड्यात एकदम मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी चार भाषा अंगावर. ते पुढे सयाजीराव महाराज झाले हे इथल्या पोराला माहीत असतं, पण त्यांना पहिल्या वर्षी किती जड गेलं असेल, यावर त्या संध्याकाळी आम्ही अर्धा तास इंग्रजीत बोललो. कुणी घड्याळ बघितलं नाही. नंतर सगळे शेव उसळ खायला गेलो आणि ऑर्डरसुद्धा इंग्रजीत द्यायची असं पोरींनी ठरवलं. गाडीवाल्यानं शांतपणे सगळं समजून घेतलं.

आता ज्या गोष्टी मला खटकल्या त्या.

लिहिणं जवळपास नाही. माझ्या कामात बोलण्याइतकंच लिहिणं आहे. माल नाकारला की कारण लिहायचं, गिऱ्हाइकाची तक्रार आली की काय केलं ते मेलवर कळवायचं. मी दोनदा सांगितलं, बाईंनी दोन्ही वेळा माझे मेल घरी घेऊन जाऊन तपासून दिले, पण वर्गात त्याला वेळ नाही. महिन्यातून एक तास तरी लिहिण्याला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं, वही कोरी राहते. बाई छापील काही देत नाहीत, एखादा दिवस बुडला की काय झालं ते मैत्रिणीच्या फोनवरच्या फोटोतून कळतं. मला कागद हाताशी असला की धीर येतो, माझ्यासारख्या आणखीही असतील. तिसरं, फळ्यावरच्या सहा वाक्यांत उच्चाराच्या चुका क्वचित येतात. आरशाचा तास एकदाच झाला, मी स्वतः धरून बसले म्हणून 'व्हॅल्व्ह' सुटला. बेनचा 'हॉल' पुन्हा 'होल' झाला आहे.

जिना अरुंद आणि सरळसोट आहे, वरच्या तीन पायऱ्यांना कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर आधी बघून या. गणपतीत दहा दिवस वर्ग बंद असतो. दांडिया बाजारात ढोल वाजत असताना तसाही कुणाला काही ऐकू आलं नसतं. त्या दिवसांचे तास बाई पुढे रविवारी भरून देतात.

आणि आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, द्यायची असेल तर हा क्लास तुमचा नाही. आमच्या बॅचमध्ये एक मुलगा कॅनडासाठी आला होता. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्या परीक्षेला बोलण्याची फेरी 11 ते 14 मिनिटांची असते, मधल्या भागात चिठ्ठीवरचा विषय बघून एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं असतं, तेवढं इथे होईल. पण लिहिण्याच्या एका तासात निदान 150 आणि 250 शब्दांचे दोन मजकूर, वाचनाच्या एका तासात 40 प्रश्न, याचा सराव इथे होत नाही. निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून तयारी नसताना घाईनं परीक्षा देऊन पैसे घालवू नकोस, असंही सांगितलं. त्यानं दुसरीकडे नाव घातलं, बोलायला मात्र दोन महिने इथे येत राहिला. येणारी फी नाकारून खरं सांगणारे क्लास किती असतील?

माझे सहा महिने झाले. गेल्या महिन्यात ऑडिट झालं, माणूस तोच. टेस्ट बेंचपाशी मी स्वतः उभी राहिले. अल्ट्रासोनिक गेज बॉडीला लावून दाखवला आणि म्हटलं, "वी चेक द व्हॅल्व्ह वॉल हिअर, हिअर अँड हिअर." तो गेजकडे बघत होता. त्यानं पुढे काहीतरी लांबलचक विचारलं, त्यातलं मला निम्मंच कळलं. पूर्वी मी मान हलवली असती. बाईंनी पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतलेलं एकच वाक्य माझ्या कामी आलं: "कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोअर?" त्यानं हळू विचारलं. शेल टेस्ट दीडपट, सीटची 1.1 पट, मागच्या वर्षी सांगितलेलं चूक होतं, हेही मी सांगितलं. 'लास्ट इयर वी टेल्ड यू' म्हटलं, 'टोल्ड' घरी येताना स्कूटरवर आठवलं. त्यानं वहीचं जुनं पान काढलं, दुरुस्ती केली, आणि पुढचा प्रश्न मला विचारला, त्या मुलाला नाही. तो मुलगा आता दुपारी माझ्याबरोबर टेस्ट बेंचवर उभा असतो, मी त्याला गेज धरायला शिकवते आणि तो मला मेल तपासून देतो.

ज्यांना जायचंय त्यांनी सोमवारी सातच्या आधी पोचावं, बाई तेव्हा मोकळ्या असतात. अरविंद निवासाकडून आलात तर उजव्या हाताची गल्ली, निळा लाकडी दरवाजा, खाली शिवणकामाचं दुकान आहे तिथे विचारलं तरी सांगतात. फी रोख द्यावी लागते. खिशात छोटा आरसा ठेवा, आणि आरशाचा तास पुन्हा घ्यायला बाईंना सांगा, माझं नाव सांगितलंत तरी चालेल. ज्या वाल तपासतात त्या ताई, म्हटलं की ओळखतील.